हॉस्टेलच्या वायफायवर टोरंट लावताय? आधी अपलोडला लगाम घाला

रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि आमच्याच मजल्यावरची फर्स्ट इयरची एक पोरगी रडवेली होऊन दारात उभी, "ताई, तुमच्याकडे नेट चालून राहिलं का? माझा स्कॉलरशिपचा फॉर्म सबमिटच नाही होऊन राहिला." त्या दिवशी लास्ट डेट होती. उत्पन्नाचा दाखला स्कॅन करून दोनशे केबीच्या आत बसवलेला, पण तेवढी फाइल सुद्धा वर चढेना, नुसतं चक्र फिरायचं आणि मग एरर. मी माझ्या लॅपटॉपवर स्पीड टेस्ट लावली तर डाउनलोड ठीकठाक आणि अपलोड जवळजवळ शून्य. तेव्हा माझी नजर खाली टास्कबारवर गेली. दुपारी टोरंटने, म्हणजे लोकांनी एकमेकांना थेट फाइली द्यायच्या पद्धतीने, लिनक्सची आयएसओ (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम इन्स्टॉल करायची मोठी फाइल) उतरवून घेतली होती, ती कधीच पूर्ण झाली होती आणि तेव्हापासून सहा-सात तास ती फाइल जगभरच्या लोकांना माझ्या लॅपटॉपवरून जात होती, कुठलंही लिमिट न लावता. टोरंट बंद केलं. तिचा दाखला पाच सेकंदात गेला.

फाइल कायदेशीर होती, व्हायरस नव्हता, कॉलेजचा कुठला नियमही मोडला नव्हता. तरी एका पोरीची वर्षभराची स्कॉलरशिप माझ्या एका न लावलेल्या सेटिंगमुळे जाता जाता राहिली. त्यानंतर मी हॉस्टेलच्या नेट कमिटीत दोन वर्षं काम केलं आणि जे शिकले ते इथे सगळं लिहून ठेवतेय, नागपुरातल्या कुठल्याही हॉस्टेलात राहणाऱ्यांना कामी पडेल असं.

नेमकं होतं काय, ते आधी

साध्या डाउनलोडमधे फाइल एका सर्व्हरवरून येते. बिटटोरंट, जे ब्रॅम कोहेनने २००१ मधे आणलं, त्यात फाइलचे छोटे छोटे तुकडे असतात आणि ज्याच्याकडे जो तुकडा आला तो त्याने दुसऱ्याला द्यायचा. म्हणजे तुम्ही घेता घेताच देत असता, आणि पूर्ण झाल्यावर फक्त देत राहता, त्याला सीडिंग म्हणतात. कल्पना फार सुंदर आहे, एकट्या सर्व्हरवर भार पडत नाही. पण ती कल्पना घरच्या एकट्याच्या लाइनसाठी ठीक, हॉस्टेलची लाइन दोनशे जणांची असते.

मे महिन्यात नळाला पाणी कमी येतं तेव्हा गल्लीतला एखादा थेट लाइनवर टुल्लू पंप लावतो, त्याची टाकी भरते आणि पुढच्या दहा घरांत नळ नुसता सुंसुं करतो, हे नागपुरात कोणाला सांगायची गरज नाही. बिनलिमिट टोरंट म्हणजे तोच टुल्लू पंप. फरक इतकाच की पंप लावणाऱ्याला माहीत असतं आपण काय करून राहिलो, टोरंटवाल्याला बरेचदा माहीत नसतं.

आणि अपलोड भरलं की डाउनलोड पण मरतं, हे पुष्कळांना पटत नाही. कोणीही काही डाउनलोड करत असला की त्याचा लॅपटॉप उलट दिशेने सारखा "हा तुकडा मिळाला, पुढचा द्या" अशा छोट्या पोचपावत्या पाठवत असतो. त्या पोचपावत्या अपलोडच्याच रस्त्याने जातात. तो रस्ता तुमच्या सीडिंगने तुंबला की त्या रांगेत अडकतात, आणि सगळ्या मजल्याचा व्हिडिओ कॉल अडखळायला लागतो. वायफायवर तर अजून एक भानगड आहे, एका चॅनलवर साधारणपणे एका वेळी एकच डिव्हाइस बोलू शकतं, तुम्ही पाठवताय तोवर बाकीचे थांबलेले. त्यातही अ‍ॅक्सेस पॉइंटपासून (वायफाय सोडणाऱ्या डब्यापासून) लांब, कोपऱ्यातल्या रूममधे बसून टोरंट लावलं तर सिग्नल कमजोर, मग तेवढाच डेटा पाठवायला जास्त वेळ हवा अडवून ठेवता.

पहिलं पाऊल सॉफ्टवेअरच्या आधीचं

ॲडमिशनच्या वेळी नेटवर्क वापराच्या नियमांच्या कागदावर सही केलेली असते, तो कागद काढून वाचा. काही कॅम्पसमधे पीटूपी (टोरंटसारखं एकमेकांत थेट फाइली देणं) सरसकट बंद असतं, मग विषय संपला, खाली दुसरे रस्ते सांगितलेत ते वापरा. काही ठिकाणी रात्री ठराविक वेळेत चालतं. कागद सापडत नसेल तर नेटवर्कच्या सरांना थेट विचारा, "सर, लिनक्सची आयएसओ टोरंटने घ्यायची आहे, चालेल का, कोणत्या वेळेत घेऊ?" मी विचारलं तेव्हा सर चिडले तर नाहीच, उलट वेळ सांगून दिली आणि म्हणाले विचारणारे वर्षात दोन-तीनच येतात.

बंद असेल तर व्हीपीएन (आपण नेटवर काय करतो ते लपवणारं सॉफ्टवेअर) लावून पळवाट काढू नका. व्हीपीएनने लाइनवरचा भार एक थेंबही कमी होत नाही, डेटा तेवढाच जातो, फक्त सरांना दिसत नाही की गर्दी कशाने झाली आणि ते बिचारे भलतीकडे शोधत बसतात.

आणि आपला लॉगिन आयडी मित्राला, मैत्रिणीला, कोणालाही द्यायचा नाही. टोरंटमधे तुमचा आयपी ॲड्रेस म्हणजे नेटवरचा पत्ता समोरच्या प्रत्येकाला दिसतो. हॉस्टेलात सगळे एकाच किंवा मोजक्या पब्लिक आयपीमागे असतात, म्हणून तक्रार आली की ती आधी कॉलेजच्या नावाने येते, मग लॉग पाहून लॉगिनपर्यंत पोचतात. तिथे ज्याचा आयडी त्याची चूक.

कोणतं सॉफ्टवेअर, कुठून

मी क्यूबिटटोरंट वापरते. फुकट, ओपन सोर्स, जाहिराती नाहीत, विंडोज-लिनक्स-मॅक सगळीकडे चालतं. लिनक्सवाल्यांना ट्रान्समिशन पण चांगलं. सर्चमधे पहिल्या नंबरवर जी जाहिरात दिसते तिच्यावर क्लिक करू नका, नावात एक-दोन अक्षरं इकडेतिकडे करून नकली साइटी बनवलेल्या असतात, क्यूबिटटोरंट डॉट ऑर्ग असं स्वतः टाइप करून जा. इन्स्टॉल करताना "विंडोज सुरू झाल्यावर आपोआप चालू" असा पर्याय दिसला तर टिक काढा. हे एक टिक पुढचे निम्मे घोटाळे वाचवतं.

आता सेटिंग, हे मात्र नीट बसून करा

टोरंट ॲड करायच्या आधी करायचं आहे हे, नंतर नाही. टूल्समधे ऑप्शन्स उघडा.

स्पीडच्या पानावर जा. तिथे अपलोड आणि डाउनलोडचे ग्लोबल लिमिट आहेत आणि दोन्हीकडे सुरुवातीला अनलिमिटेडचं चिन्ह असतं. इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे शून्य. लोकांना वाटतं अपलोडला ० टाकलं म्हणजे अपलोड बंद, पण इथे ० चा अर्थ आहे "कितीही जाऊ द्या". आमच्या कमिटीकडे आलेल्या तीन जणींनी अगदी चांगल्या मनाने शून्य टाकून ठेवलेलं होतं.

मग किती टाकायचं? गर्दीच्या वेळी, म्हणजे रात्री नऊ-दहाला, स्पीड टेस्ट करा. समजा अपलोड ४ एमबीपीएस आला. स्पीड टेस्ट बिटमधे सांगते आणि क्यूबिटटोरंट बाइटमधे, एका बाइटमधे ८ बिट, म्हणून आठने भागायचं, ४ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साधारण ५०० केबी. त्याचा पाचवा भाग १००. अपलोडच्या खान्यात १०० टाका. मी तर ५० च ठेवते. डाउनलोडला असंच गणित करून एक चतुर्थांशाच्या वर जाऊ नका. उबुंटूच्या डेस्कटॉपची आयएसओ आजकाल ६ जीबीच्या आसपास असते, सेकंदाला १ एमबीने धरली तरी पावणेदोन तासांत येते, जेवून येईस्तोवर निम्मी झालेली असते, घाई कशाची.

त्याच पानावर अल्टरनेटिव्ह रेट लिमिट आहे आणि त्याखाली शेड्युलर. अल्टरनेटिव्हमधे एकदम कमी आकडे टाका, अपलोड १० आणि डाउनलोड १०० वगैरे, आणि शेड्युलर चालू करून वेळ द्या सकाळी ७ ते रात्री १, रोज. म्हणजे दिवसभर टोरंट नावापुरतं चालेल आणि मध्यरात्री १ ते ७ मधे आधीचे, थोडे मोकळे आकडे लागतील. परीक्षेच्या दिवसांत मात्र रात्री एकला सुद्धा पोरं जागी असतात, लेक्चर पाहत असतात, तेव्हा टोरंट पूर्णच बंद ठेवा. मधेच कोणाचा इंटरव्ह्यू निघाला तर खाली स्टेटस बारवर स्पीडोमीटरचं चित्र आहे, त्यावर एक क्लिक केलं की कमी लिमिट लगेच लागतं.

अजून एक ओळ आहे तिथेच, लॅनवरच्या (हॉस्टेलच्या आतल्याच नेटवर्कवरच्या) लोकांना सुद्धा लिमिट लावायचं का, अशी. नेटवर लोक सांगतात टिक काढा, लॅनवर काय बिघडतं. वायरने जोडलेल्या लॅबमधे ते खरं असेल, पण आपण वायफायवर आहोत आणि हवा सगळ्यांची एकच, टिक राहू द्या.

कनेक्शनच्या पानावर दोन कामं. एकूण कनेक्शनचं लिमिट सुरुवातीला ५०० असतं आणि एका टोरंटसाठी १००. हे ६० आणि ३० करा. स्पीड कमी ठेवून सुद्धा शेकडो कनेक्शन उघडी ठेवली तर कॅम्पसच्या फायरवॉलला (आत-बाहेर जाणाऱ्या डेटावरच्या पहारेकऱ्याला) प्रत्येकाची नोंद ठेवावी लागते, आणि असे पंधरा-वीस लॅपटॉप झाले की त्या नोंदीचं रजिस्टर भरून जातं, मग नवीन साइटच उघडत नाही आणि सगळे म्हणतात नेट डाउन आहे. दुसरं, यूपीएनपीने राउटरवर आपोआप पोर्ट उघडायचा पर्याय, त्याचं टिक काढा. तो घरच्या राउटरसाठी आहे, इथे राउटर आपला नाही.

बिटटोरंटच्या पानावर लोकल पीअर डिस्कव्हरी चालू ठेवा, शेजारच्या रूममधे तीच फाइल असेल आणि नेटवर्क परवानगी देत असेल तर ती तिथूनच येते, बाहेरच्या लाइनवर भार नाही. एका वेळी एकच डाउनलोड चालेल असं क्यूमधे लावा. आणि सीडिंगच्या मर्यादेत रेशो १ टाका, म्हणजे जेवढं घेतलं तेवढं परत दिलं की आपोआप थांबेल. घेऊन लगेच पळून जाणं मला बरोबर वाटत नाही, कोणीतरी दिलं म्हणून आपल्याला मिळालं, पण ते ऋण फेडायला आठ दिवस लागले तरी चालतं, शेजारणीचा फॉर्म अडकवून एका रात्रीत फेडायचं नाही.

शेवटचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. खिडकीवरची फुली दाबली की विंडोजमधे क्यूबिटटोरंट सहसा बंद होत नाही, घड्याळाजवळच्या कोपऱ्यात जाऊन बसतं आणि काम चालू ठेवतं. फाइल मेन्यूतून एक्झिट करा, नाही तर कोपऱ्यातल्या आयकॉनवर राइट क्लिक करून. लॅपटॉप घेऊन बाहेर गेलात, बर्डीवर कुठे बसून मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला, तर तेच टोरंट तुमचा दिवसाचा डेटा बघता बघता खाऊन टाकतं.

फाइल खरी आहे का

टोरंटमधे प्रत्येक तुकडा हॅशशी (डेटावरून काढलेल्या ओळखीच्या आकड्याशी) ताडून पाहिला जातो, त्यामुळे रस्त्यात फाइल बिघडायची भीती नाही. भीती ही की मुळात ते टोरंटच कोणी बनवलं. म्हणून टोरंटची फाइल किंवा मॅग्नेट लिंक त्या प्रोजेक्टच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. उबुंटू, डेबियन, लिब्रेऑफिस, इंटरनेट आर्काइव्ह, कीविक्स हे सगळे स्वतःच टोरंट देतात. कीविक्सवरून मराठी विकिपीडिया अख्खा ऑफलाइन घेता येतो, हे माहीत नव्हतं तर नक्की पाहा, गावी नेट नसताना भाऊ-बहिणींना दाखवायला फार छान.

उतरल्यावर विंडोजमधे पॉवरशेल उघडून गेट-फाइलहॅश आणि पुढे फाइलचं नाव दिलं की लांबलचक आकडा येतो, तो साइटवर दिलेल्या शा-२५६ शी (हा हॅशचाच एक प्रकार) जुळवा. सुरुवातीची आणि शेवटची पाच-सहा अक्षरं पाहून सोडू नका, कॉपी करून पूर्ण जुळवा.

विंडोजमधे फाइलची एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटची, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) लपलेली असतात, एक्सप्लोररच्या व्ह्यूमधे जाऊन ती दिसतील असं करा. लेक्चरचा व्हिडिओ म्हणून आलेल्या फाइलीच्या शेवटी ईएक्सई असेल तर तो व्हिडिओ नाही, प्रोग्राम आहे, ती उघडायची नाही, डिलीट. आणि कोणतंही क्रॅक (विकतचं सॉफ्टवेअर पैसे न देता चालवायची चोरटी फाइल) "आधी अँटिव्हायरस बंद करा" म्हणत असेल तर तिथेच थांबा. अशा क्रॅकमधून जे घुसतं ते बरेचदा स्क्रीन वगैरे लॉक करत नाही, गुपचूप ब्राउझरमधे सेव्ह केलेले सगळे पासवर्ड आणि चालू लॉगिन उचलून नेतं, कळतं तेव्हा मेल, इन्स्टा, बँक सगळीकडे कोणी फिरून आलेलं असतं. असं झालंच तर वायफाय बंद करा, पासवर्ड दुसऱ्याच फोनवरून बदला, पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन करा.

इंजिनिअरिंगच्या पोरांना क्रॅक कशाला लागतं तेच मला कळत नाही. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, कॉलेजचा मेल आयडी किंवा आयकार्ड दाखवून. मॅटलॅबच्या बऱ्याच प्रॅक्टिकलला ऑक्टेव्ह पुरतं. सर्किटला कायकॅड आहे.

सिनेमे आणि पुस्तकांबद्दल

मी उपदेश नाही करत, कायदा काय आहे तेवढं माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम ६३ मधे जाणूनबुजून उल्लंघन केलं तर किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड लिहिलेला आहे. सिनेमाच्या पायरसीसाठी २०२३ मधे सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती करून तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख दंड ठेवला. आणि टोरंटमधे "मी फक्त डाउनलोड केलं" असं म्हणता येत नाही, कारण तुम्ही वाटत पण असता, ते तर वर पाहिलंच. मराठी जुनी पुस्तकं हवी असतील तर भारतात लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षांनी त्याचं लिखाण सगळ्यांसाठी मोकळं होतं, अशी खूप पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर आहेत.

आपसात फाइली द्यायच्या असतील तर टोरंट लागतच नाही

निम्म्या वेळा गरज एवढीच असते की प्रोजेक्टचा २० जीबीचा डेटासेट किंवा सरांची रेकॉर्डेड लेक्चर्स चौघींना हवी आहेत. एकीने उतरवा आणि बाकीच्यांनी तिच्याकडून घ्या. चौघींनी वेगवेगळं उतरवणं म्हणजे तेच पाणी चारदा ओढणं.

पेनड्राइव्ह सगळ्यात बरा. फक्त तो फॅट-३२ ला फॉरमॅट असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही, जागा असून एरर येतो, एक्सफॅटला फॉरमॅट करा, आधी आतलं सगळं काढून ठेवून. फोन ते लॅपटॉप करायचं तर लोकलसेंड घ्या, फुकट आहे, नेट लागत नाही, दोघं एकाच वायफायवर हवेत. त्यातलं क्विक सेव्ह बंद ठेवा म्हणजे तुम्हाला विचारल्याशिवाय काही घुसणार नाही. बऱ्याच हॉस्टेलात वायफायवरची डिव्हाइस एकमेकांना दिसत नाहीत अशी व्यवस्था केलेली असते, ती चांगल्यासाठीच आहे, तेव्हा फोनचा मोबाइल डेटा बंद करून हॉटस्पॉट लावा आणि लॅपटॉप त्याला जोडा, फाइल थेट जाते आणि एक पैसाही डेटा लागत नाही.

विंडोजचं फोल्डर शेअरिंग करायचं असेल तर फार जपून. एकदा लॅबमधे नेटवर्क उघडलं तर एका मुलीचं पूर्ण डाउनलोड्स फोल्डर सगळ्यांसाठी खुलं दिसत होतं, आधार, जातीचा दाखला, आईच्या पासबुकाचा फोटो, सगळं. तिने फक्त एक पीपीटी द्यायला "एव्हरीवन" निवडलं होतं आणि नंतर काढायचं राहून गेलं. मी तिला बोलावून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला, कधीपासून उघडं होतं तेही तिला आठवेना. म्हणून "वाटप" नावाचं वेगळं रिकामं फोल्डर बनवा, त्यात हवी तीच फाइल कॉपी करा, तेवढंच शेअर करा, परवानगी फक्त रीडची, नाव घेऊन एकाच युजरला, पासवर्डचं संरक्षण चालू. काम झालं की त्याच दिवशी शेअर काढा आणि वायफायचं प्रोफाइल परत पब्लिकवर न्या. अपडेट रोखून ठेवू नका. मे २०१७ मधे वॉनाक्राय (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) जगभर पसरलं ते याच विंडोज शेअरिंगच्या जुन्या भोकातून, आणि ते भोक बुजवणारं अपडेट दोन महिने आधी, मार्चमधेच आलेलं होतं. जुना एसएमबी-१ (विंडोज शेअरिंगची जुनी पद्धत) विंडोज फीचर्समधे चालू दिसला तर बंद करा.

आणि कृपा करून घरून आणलेला राउटर भिंतीतल्या लॅन पोर्टला लावू नका. केबल राउटरच्या चुकीच्या खाचेत गेली की तो राउटर अख्ख्या मजल्याला स्वतःचे खोटे आयपी वाटायला लागतो आणि कोणाचंच नेट चालत नाही. आमच्याकडे असा एक राउटर शोधायला दोन दिवस लागले होते, एकेक खोली फिरून, ऐन उन्हाळ्यात.

नेट बंद झालं किंवा नोटीस आली तर

आधी टोरंट एक्झिट करा, डिलीट काही करू नका. कोणती फाइल, कुठून घेतली, किती अपलोड झालं हे क्यूबिटटोरंटमधे दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट घेऊन सरांकडे स्वतः जा, कोणी बोलावण्याची वाट पाहू नका. खरं सांगितलं की बहुतेक वेळा सेटिंग दाखवून सोडतात. माझ्या मजल्यावरच्या दोघींसोबत मी गेले होते, दोघींचं नेट दुसऱ्या दिवशी सुरू झालं.

आणि तिथे गेलाच आहात तर अजून एक अर्ज सोबत न्या, सात-आठ जणांच्या सह्या घेऊन. दर सेमिस्टरला पुष्कळांना त्याच आयएसओ लागतात, उबुंटू, डेबियन, लिब्रेऑफिस, तर त्या एकदाच उतरवून कॅम्पसच्या आतल्या सर्व्हरवर ठेवाव्यात, शा-२५६ च्या आकड्यांसकट, आणि दर सहा महिन्यांनी नवीन आवृत्ती टाकायचं काम आम्ही विद्यार्थी करू. अर्जात फाइलींची नावं, प्रत्येकीचा साइज, एकूण जागा किती लागेल आणि हे काम करणाऱ्या दोघांची नावं स्पष्ट लिहा. आमचा अर्ज पहिल्यांदा तसाच पडून राहिला, दुसऱ्यांदा नावं आणि साइज टाकून दिला तेव्हा लॅबमधला एक जुना पीसी मिळाला, ५०० जीबीच्या हार्ड डिस्कसकट.